अंगणातली माती

प्रिय दादा,

वहिनीला आणि बाळाला घेऊन पुढच्या महिन्यात येतोयस, म्हणून हे आधीच लिहिते. बाबा कामाला होते तो बंद पडलेला बॅटरीचा कारखाना आठवतो ना? तिथली माती तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलंय. शिसं भरपूर निघालं. आता वरची माती खरवडून नेताहेत.

हे ऐकून बाबा सहज म्हणाले, "आपलं अंगण त्याच मातीने भरलंय. फुकट मिळायची. हातगाडीवरून मीच आणली."

दुसऱ्याच दिवशी मी गुपचूप आपल्या अंगणातली माती तपासून घेतली. तीही तशीच निघाली. आपण दोघं तिच्यात लोळून मोठे झालो. आपलं झालं ते झालं, पण तुझं बाळ आता रांगतंय, हाताला लागेल ते तोंडात घालतंय. आणि बाबांनी त्याला खेळायला चिमुकलं फावडं आणून ठेवलंय.

काल जेवताना धीर करून त्यांना सांगितलं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "तुम्हाला खेळायला म्हणून आणली होती गं," एवढंच बोलले.

आत्ता हे लिहितानाच बाहेरून त्यांचा आवाज आला. ते तुलाच फोनवर सांगत होते, "इतक्यात येऊ नका. अंगणात विष आहे, मीच आणलेलं." मग बराच वेळ ते नुसतेच 'हं, हं' करत राहिले. तू काय म्हणालास, कोण जाणे.

म्हणजे हे पत्र आता पाठवायला नको. फोन ठेवून ते माझ्या दारात आले.

"नवी माती आणली की आधी तू तपास," म्हणाले, "मग मी पसरतो."

तुझी,
धाकटी