उजव्या हाताची जागा

मी उषा भय्यासाहेब पोतनीस, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन. मी शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण आमच्या घरात बाईने डोके चालवले की आधी तिच्या डोक्याचीच चौकशी होते.

१. फ्रीगंजचे घर मी माझ्या पगारातून बांधले; कागद माझ्या नावावर आहेत. माझ्यामागे ते संपूर्ण अलकाचे. अलका ही माझ्या कैलासवासी पतींनी, भय्यासाहेबांनी, ठेवलेली बाई. इतकी वर्षे मागच्या खोलीत राहिली. त्यांची डावी बाजू लुळी पडल्यावर न्हाऊमाखू तिनेच घातले. नातलग दारातून विचारपूस करून चहा पिऊन जात.

२. पुतण्या श्रीनाथला इथे 'राणी पॅलेस' लॉज काढायचा आहे. अलकाने मग कुठे जावे, याचा त्याने विचार केलेला नाही. मला म्हणाला, "काकी, तुमचा शालूतला फोटो काउंटरमागे लावू. अपना खानदान दरबारातलं, पार्टीवर इम्प्रेशन पडतं." आमचे पूर्वज दरबारात खजिन्याच्या थैल्यांना गाठी मारत.

३. राणी या शब्दाविषयी. कॉलेजात हिब्रू जाणणारे एक पाद्री आम्हाला शिकवत. त्यांच्या धर्मग्रंथात राजाच्या उजव्या हाताला सोन्याने मढलेली स्त्री उभी आहे. तिला 'शेगाल' म्हटले आहे. भाषांतरात ती राणी होते. कोणी पंडित म्हणतात, अर्थ राजवाड्यातली बाई. कोणी या शब्दाचे मूळ अशा क्रियापदात शोधतात, की ते पोथीत आले तर ज्यू लोक मोठ्याने वाचताना त्या जागी सभ्य शब्द वाचतात. लग्नाची की ठेवलेली, यावर एकमत नाही. उभे कुठे राहायचे, एवढे पक्के. वर्गात मला हसू आले होते. पुढे मी पोतनिसांची सून झाले.

४. सिंहस्थाच्या वर्षी भय्यासाहेबांना बरे वाटावे म्हणून घरी होम केला. होमात पत्नी उजवीकडे बसून पतीच्या हाताला हात लावते. मी म्हटले, अलका बसेल. श्रीनाथचे वडील म्हणाले, ती सोवळ्याला चालत नाही. भय्यासाहेबांना सोवळे त्याच सकाळी तिनेच नेसवले होते. मग मीही बसायला नकार दिला. पत्नी नसली तर कमरेला सुपारी खोचून काम भागवतात. आम्ही दोघी समोर उभ्या असताना भय्यासाहेब गुरुजींना म्हणाले, "सुपारी द्या. आणि यांना म्हणावं, पानं वेळेवर वाढा."

होम यथासांग पार पडला. गुरुजींनी सुपारीलाही आशीर्वाद दिला.

५. श्रीनाथने दावा लावल्यास वकिलांनी हा कागद कोर्टात मोठ्याने वाचावा. सभ्य शब्द घालू नयेत.

६. ती सुपारी माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. करंड्यासह श्रीनाथला द्यावी. पोतनिसांच्या घरात उजव्या हाताची जागा तिलाच मिळाली, तेव्हा फोटो तिचा लावावा. शालूची गरज नाही.

वरील प्रत्येक शब्द माझा आहे. दोघा साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

उषा भय्यासाहेब पोतनीस

साक्षीदार: विष्णू रामचंद्र गोडबोले, निवृत्त मुख्याध्यापक
साक्षीदार: जयू अनंत केळकर, शेजारी

उज्जैन, १२ ऑगस्ट १९९६