पुस्तकात मुग्धा, वहीत मुग्धा

११ जानेवारी, रविवार

सर्वपित्रीच्या त्या सकाळी मी काय केलं ते आज लिहितो. सव्वा वर्ष झालं.

पाचला उठलो. अंघोळ करून सिद्धवटाला, उज्जैनच्या पिंडदानाच्या घाटावर, गेलो. सुमनला सांगितलं, आई-दादांचे पिंड करून येतो. गर्दी खूप. आमच्या घराण्याच्या गुरुजींच्या तखतापुढे बसलो. दादांचं झालं, आईचं झालं. गुरुजींनी विचारलं, "और कोई?" मी म्हणालो, "बेटी." त्यांचा हात थांबला. "कब शांत हुई?" मी म्हटलं, "सावन में."

त्या श्रावणात मुग्धाने चीनमध्ये लग्न केलं होतं. डॉक्टरकी शिकायला पाठवली होती, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी, वेईशी, रजिस्टर लग्न. आम्हाला फोन नंतर.

हातात तीळ-पाणी घेऊन मी जिवंत मुलीला तिलांजली दिली. मग गुरुजींनी वही पुढे केली. घराण्याच्या वहीत नाव घरच्या माणसाने आपल्या हाताने लिहायचं ही तिथली रीत. मी लिहिलं: कु. मुग्धा, वय पंचवीस. खाली सही. 'कु.' लिहिताना बरं वाटलं होतं. ते खरं आहे म्हणून इथे लिहितो.

त्यानंतर ती तेरा महिने जगली. आईशी, सुमनशी, फोनवर बोलायची. माझ्याशी नाही, म्हणजे मीच नाही. गेल्या कार्तिकात मेंदूत रक्तस्राव, दोन दिवसांत गेली. आमच्याकडे पासपोर्ट नाहीत. तिला शेवटचं पाहिलं ते सुमनच्या मोबाइलवर, त्यातही चित्र अडकत होतं.

हे आज लिहायचं कारण, काल वेईकडून पार्सल आलं.

१२ जानेवारी

पार्सलमध्ये तिचा स्टेथोस्कोप, एक शाल, एक पुस्तक. सुमनने शाल घेतली. पुस्तक माझ्या वाट्याला आलं.

इंग्रजी म्हणी आणि वाक्प्रचार. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर त्याच अर्थाचं चिनी. एकूण एकशेवीस, क्रमांक घातलेले. सुमन म्हणाली, "याच पुस्तकावरून जमलं ना त्यांचं. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याला इंग्रजी शिकायचं होतं, हिला चिनी. तो डावीकडून शिकायचा, ही उजवीकडून. दोन प्रती घेतल्या होत्या." मला यातलं काही माहीत नव्हतं.

प्रत्येक चिनी अक्षराखाली मु.ने पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलाय. बारीक, सरळ. अक्षर माझ्यासारखं आहे.

सोबत वेईची चिठ्ठी, चार ओळी, सोप्या इंग्रजीत. पुस्तक मिळालं की फक्त १ लिहून कळवा. त्याची प्रत त्याच्याजवळ आहे. पुढे लिहिणं कठीण वाटलं तर क्रमांक लिहा, मी उघडून बघेन.

ईमेल उघडून '१' पाठवला. दहा मिनिटं लागली.

१७ जानेवारी

रोज चार क्रमांक करतो. सकाळी दत्ताच्या देवळातून आलो की पाऊण तास.

इंग्रजी पाचवीपासून होतं आमच्या शाळेत, पण मास्तर आठवड्यातून दोनदा रावेरहून सायकलवर यायचे, पाऊस असला की तेही नाही. म्हणून डावं पान कळत नाही. मग उजव्या पानावर जातो, चिनी अक्षराखालचं तिचं मराठी वाचतो, आणि तिथून परत डावीकडे येतो. इंग्रजीला चीनवरून जावं लागतं. मोबाइल क्षणात भाषांतर करून देतो, माहीत आहे. त्यात तिचं अक्षर नाही.

इंग्रज एका दगडात दोन पक्षी पाडतो, चिनी माणूस एका बाणात. एवढं कळल्यावर उगाच आनंद झाला. कुणाला सांगावं म्हणून वळलो तर सुमन शाल पांघरून भिंतीकडे तोंड करून निजलेली.

२१ जानेवारी

चष्म्याच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक काढलं. मालक राठौरजी काउंटरवरून ओरडले, "क्या दत्ता भाई! फ्रेम चाइना की, लेंस चाइना का, अब कारीगर भी चाइना का?" ग्राहक हसले. मग त्यांना मुग्धाचं आठवलं. टावर चौकातून स्वतः जाऊन चहा घेऊन आले, माझ्या घासायच्या मशीनवर ठेवला आणि उगाच शोकेस पुसत बसले.

२९ जानेवारी, एकादशी

क्र. ५२. हट्टी माणसाविषयी. इंग्रजीत खेचर आहे, चिनीत बैल. बाजूला मु.ने लिहिलंय, "बाबा!"

उद्गारचिन्हासकट.

आज पुढे गेलो नाही.

८ फेब्रुवारी

वेईचा ईमेल. त्याने इतकं साधं लिहिलं आहे की मला मोबाइल लागला नाही.

फादर, मुग्धाच्या अस्थींचे मी दोन भाग केले आहेत. एक इथे राहील. एक तुमच्या नदीसाठी. मार्चच्या शेवटी माझी रजा आहे. मी घेऊन येऊ का? ७४.

सुमन ऐकून उठूनच बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने केस विंचरले. "गुरुजींना सांगून ठेवा. सगळं त्यांच्याच हातून. तेव्हा तुम्ही म्हणालात, अस्थी आल्यावर करू. आता येतायत."

मी हो म्हटलं. गुरुजी वही उघडणार. तिथे माझ्या अक्षरात ती आधीच गेलेली आहे, सव्वा वर्षापूर्वी, कुमारी. सुमन शेजारी बसलेली असणार.

दुपारी क्र. ७४ उघडला. उजव्या पानावर तिच्या पेन्सिलीच्या चारांतले मला दोनच शब्द दिसले. घर. कावळा.

कावळा म्हटल्यावर आमच्यासारख्याला दुसरं काय आठवणार? पिंड ठेवायचा आणि तो शिवायची वाट पाहायची. वेईला कळलंय. कसं, कोणाकडून, ठाऊक नाही. मु.ला कळलं असेल का? डावीकडे इंग्रजीत कुत्रा आहे. तो मीच, असं धरून चाललो.

१० फेब्रुवारी

वेईला लिहिलं: आत्ता शिवरात्रीची गर्दी, मग ऊन. नंतर या.

मार्चच्या शेवटी कसली शिवरात्र.

१४ फेब्रुवारी

सुमनला कळलं. ईमेल तीही उघडू शकते हे मी विसरलो होतो. "अहो, तो परका मुलगा तिला हातात घेऊन एवढ्या लांब यायला तयार आहे, आणि तुम्ही त्याला गर्दीचं सांगता? उज्जैनला गर्दी कधी नसते?"

"तसं नाही."

"मग कसं? अजून राग आहे तिच्यावर? मेलेल्या पोरीवर?"

मी चप्पल घालून बाहेर पडलो. देवळात बसलो. महाराजांपुढे हात जोडले, पण मागायला काही सुचेना.

२० फेब्रुवारी

वेईचं उत्तर: ठीक आहे फादर. तुम्ही म्हणाल तेव्हा. तोवर ती माझ्याजवळ खिडकीत आहे, ऊन येतं.

खाली पुन्हा ७४.

१ मार्च

सुमन बोलत नाही, कामापुरतं बोलते. तिने स्वतः सिद्धवटाला जायचं ठरवलंय, पाडव्यानंतर. म्हणते, तुम्ही नका येऊ, मी गुरुजींना विचारून दिवस काढून घेते.

यंदा आमच्याकडे गुढी नाही.

६ मार्च

आज पुस्तक दुकानात नेलं. लेन्सवरची रेघ बघायचं भिंग डोळ्याला लावून क्र. ७४ पुन्हा वाचला. का, सांगता येत नाही. शिक्षा नीट वाचून घ्यावी तसं.

पानाच्या शिवणीत, अगदी आत, तिने उभं लिहिलेलं होतं. नुसत्या डोळ्यांनी ती एक करडी रेघ वाटते. उतरवून घेतो:

"वेईला विचारलं, बाबा कधीच बोलले नाहीत तर? तो हाच नंबर दाखवून म्हणाला, तू आवडतेस म्हणजे तुझं घर आवडतं, घराच्या छपरावर बसलेला कावळासुद्धा. इंग्रजांनी कुत्रा घेतलाय. बाबा बोलायला लागले की सांगायचं. कावळा ऐकून हसतील."

राठौरजींनी विचारलं, "आँख में कुछ गया क्या?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "लेंस का चूरा होगा, मलना मत." आणि पाण्याचा मग आणून दिला.

९ मार्च

म्हणजे तो दोनदा हेच लिहीत होता. आणि मी त्याला शिवरात्र सांगितली.

१२ मार्च

कामावर जायच्या आधी एकटा सिद्धवटाला गेलो. सुमन यायच्या आत वहीतली ओळ खोडून घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. लपवायलाच गेलो होतो.

गुरुजींनी पान काढलं. मोठ्याने वाचलं. माझं अक्षर किती सुरेख आलंय त्या दिवशी.

"गुरुजी, ये लाइन काट दीजिए."

"बही में काटा-पीटी नहीं होती, दत्ता भैया. गलती हो तो नीचे नई लाइन लिखते हैं, अपने हाथ से. क्या गलती है?"

"वो तब ज़िंदा थी."

गुरुजींनी चष्मा काढला. (मीच बनवून दिलेला.) मग म्हणाले, "और अब?"

"अब नहीं है. कार्तिक में गई."

"घर में बताया, उस दिन क्या करके गए थे?"

"नहीं."

"तो पहले घर में बताओ. फिर आना. जगह छोड़ रखी है, देखो, इतनी." त्यांनी त्या ओळीखाली दोन बोटं ठेवून दाखवलं.

मी विचारलं, माझ्या त्या पाण्यामुळे तर ती… गुरुजी म्हणाले, "ना. तुम्हारे हाथ में इतना नहीं है. किसी के हाथ में नहीं है." सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१५ मार्च, एकादशी

सांगायचं होतं. सांगितलं नाही.

१८ मार्च

सगळे एकशेवीस झाले. मी जे केलं त्याच्यासाठी यात क्रमांक नाही. जवळपासचे आहेत. एकात इंग्रजांचं दूध सांडतं, चिन्यांचं पाणी. पण ते सगळे चुकून सांडलेल्याबद्दल आहेत. मी ओंजळीतून नीट सोडलं होतं, मंत्र म्हणून.

२२ मार्च, रविवार

आज सकाळी सुमनला सांगितलं.

ती मेथी निवडत होती. उद्या सिद्धवटाला जाते म्हणाली. मी समोर पाटावर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. सर्वपित्री, तीळ-पाणी, वही, कु., सही. कारणं द्यायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी एक-दोन तोंडातून आलीच.

तिचे हात थांबले नाहीत. पूर्ण जुडी निवडून झाली. मग म्हणाली, "तिला कळलं होतं?"

"नाही."

"त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. बाबा कुठेत म्हणाली. मी म्हटलं, सिद्धवटाला गेलेत आजी-आजोबांचे पिंड करायला. तर म्हणते, आई, बाबांना भूक सोसत नाही, आल्या आल्या वाढ." आणि थोड्या वेळाने, "मी वाढलं होतं तुम्हाला. गरम."

मेथी तशीच राहिली. दोघांपैकी कुणीच जेवलं नाही.

२३ मार्च

सुमनने शाल घडी करून पेटीत ठेवली. इंदूरला भावाला फोन करून सांगितलं, येते.

मला वाटत होतं की सांगून टाकलं की छातीवरचं काही उतरेल. ते तिच्या छातीवर गेलं, माझंही जागच्या जागी आहे.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी सिद्धवट. गुरुजींनी न विचारता पान काढून दिलं. जुन्या ओळीखाली लिहिलं: कै. सौ. मुग्धा, पती वेई. खरा महिना, खरी तिथी. वरची नोंद तिच्या हयातीत मी रागाने केली, हेही लिहिलं. सही. अक्षर वाईट आलं. पुढे ज्याला कुणाला हे पान उघडावं लागेल त्याला दोन्ही ओळी दिसतील.

दुपारी सुमनला नानाखेड्याला इंदूरच्या बसमध्ये बसवून आलो. पिशवी वर ठेवून दिली. खिडकीशी उभा राहिलो. ती पुढे बघत होती. बस सुरू झाल्यावर म्हणाली, "तो आला तर मला कळवा. त्याला एकट्याला नदीवर नेऊ नका."

"आणि नाही आला तर?"

"ते आता तुम्ही त्याला काय लिहिताय त्यावर आहे."

तू परत कधी येशील, हे विचारायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन वेईला लिहिलं. एकही क्रमांक घातला नाही. माझ्याच इंग्रजीत, तोडकं-मोडकं, पण काही न गाळता. तुमच्या लग्नानंतर मी काय केलं. वहीत काय लिहिलं. मग आज काय लिहिलं. शिवरात्रीचं खोटं होतं. तुमचा नंबर मी चुकीचा वाचला, नंतर तिने समजावला. हे सगळं वाचून तुम्हाला तिला इथे आणावंसं वाटलं नाही तर तो तुमचा हक्क आहे. आणावंसं वाटलं तर घर आहे.

शेवटी 'फादर' लिहावं की नाही कळेना. नुसतं नाव लिहिलं.

चार वाजता पाठवलं. तिकडे साडेसहा. तो आत्ता हॉस्पिटलातून घरी पोचत असेल.