दसऱ्याच्या तोंडावर खोललेलं इंजिन

१९ सप्टेंबर १९८४, बुधवार

खोललं! शेवटी खोललंच इंजिन. मी नको नको म्हणत राहिले, पण या घरात माझं ऐकतं कोण?

लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. दिवस भरत आलेले. आणि तिच्या डोळ्यांसमोर अंगणात पिकअप तोंड वासून उभी. जाळी काढली, रेडिएटर काढला, पंखा काढला. नटबोल्ट ठेवायला माझी कणकेची परात नेली — विचारलंसुद्धा नाही!

"काहून आत्ताच?" मी म्हटलं.

"मंग का जंगलात चेन तुटल्यावर खोलू?" हे म्हणाले. "रुखमाले घेऊन जाताना मधातच बसली तं काय करशीन?"

खरं तर महिनाभर मीच यांच्या मागे लागले होते — आवाज बघा, आवाज बघा. सकाळी गाडी चालू केली की डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर, मग हळूहळू शांत. इंजिन थंड आहे म्हणून, असं हे म्हणायचे. शेवटी तलावावरचा धनीराम, मासळीच्या टोपल्या चढवता चढवता म्हणाला, "भैय्यालालभाऊ, तुमची गाडी दात खाऊन राहिली." बायकोचं नाही ऐकलं, ढिवराचं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी तुमसरहून इश्वर मेकॅनिकला घेऊन आले.

२० सप्टेंबर

इश्वर आज सगळं समजावून सांगत होता. सांगायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मला.

आत सायकलसारख्या दोन चेनी असतात. त्या ढिल्या पडू नयेत म्हणून प्रत्येकीला एक ठोकळा दाबून धरतो, त्याला टेन्शनर म्हणतात. ठोकळ्याच्या तोंडाला रबर. आमच्या दोन्ही ठोकळ्यांचं रबर पार खाऊन गेलंय, खालचं लोखंड उघडं पडलंय आणि त्या लोखंडावर चेनीने खाचा पाडल्यात. इश्वरने एक माझ्या हातावर ठेवला.

"वहिनी, पाहा. महिनाभर चालली असती नाही तं उद्याच गेली असती. चेन दातावरून सरकली का आतल्या आतच सारं फुटते."

ही गाडी घेऊन हे रोज तुमसरला जात होते! बरं झालं खोललं. पण यांच्यासमोर मी हे म्हणणार नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार

तुमसरला टेन्शनर मिळत नाहीत. हे नागपूरला गेले. गाडी अंगणात, नवरा नागपुरात, आणि रुखमाच्या पायांवर सूज. झोप कशी लागायची मला?

२५ सप्टेंबर, मंगळवार

आज घट बसले. हे परत आले — नव्या चेनी दोन, पण टेन्शनर एकच घेऊन! दुसरा दुकानदाराने मागवून ठेवतो म्हटलंय. म्हटलंय!

सासूबाईंचं वेगळंच. त्यांना घरात देवी बसली की सगळं जग सोवळ्यात हवं. "देवीच्या दिवसाइत हे असं पोट फाडून उघडं नोको ठेवू," म्हणाल्या आणि आपलं जुनं लुगडं इंजिनावर पांघरलं. वर कुंकवाचं बोटही टेकवलं. इश्वर तोंडातली तंबाखू सावरत हसला. मला हसू आलं नाही. माझ्या लेकीची काळजी कोणी करेल की सगळे या लोखंडाचीच करणार?

२७ सप्टेंबर

रुखमा म्हणते, "आई, बाळंत तू होऊन राहिली का मी?" जिभेला हाड नाही पोरीच्या. माझ्यावरच गेलीय.

३० सप्टेंबर, रविवार

नर्सबाई येऊन गेल्या. त्या रुखमाचं पोट चाचपत होत्या, मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. हसत हसत बोलत होत्या, मग हसणं थांबलं.

मला बाजूला घेतलं. बाळ अजून उलटंच आहे. पाय खाली. आता वळेल असं वाटत नाही. पहिलटकरीण आहे, इथे घरी करायचंच नाही, कळ आली की पाणी पीत बसू नका, थेट तुमसर गाठा. "गाडी हाये न तुमच्याइकडे?"

हो म्हटलं. काय सांगणार? आहे बाई, लुगडं पांघरून बसलीय.

एस.टी. सकाळी एक आणि सांजेला एक. गावाजवळच्या खाणीची जीप आहे, पण साहेब दसऱ्याला घरी जाणार, जीप त्यांच्याबरोबर. जावई साकोलीला, तिकडून त्यांनी काय उडत यायचं? मी यांना सगळं सांगितलं. हे जेवण ताटातच टाकून उठले.

२ ऑक्टोबर

आला! दुसरा टेन्शनर आला. सांजच्या एस.टी.ने. ड्रायव्हरने पुडकं खिडकीतूनच दिलं. इश्वरलाही निरोप गेलाय, सकाळी येतो. देवा, आता चार दिवस तिला कळ येऊ देऊ नकोस.

३ ऑक्टोबर, बुधवार. नवमी

इश्वर उजाडताच आला. चहा घेतला नाही. चक्रांवर चुन्याची बोटं लावून ठेवली होती त्याने, ती समोरासमोर आणून नव्या चेनी चढवल्या. दोन्ही टेन्शनर बसवले. ते आतल्या स्प्रिंगने पुढे येतात, म्हणून दाबून धरायला प्रत्येकात एक पिन. सगळ्यात शेवटी पिनी ओढायच्या, मग ठोकळे चेनीला घट्ट धरतात. मी दारातून बघत होते. आता होईल, आता होईल — गंगेत घोडं न्हालं म्हणायचं फक्त बाकी.

तेवढ्यात ऊन उतरलं आणि इश्वर उठला. सगळे पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी घासलेटने धुतली, पुसली, आणि आमच्या देवीपुढे पाटावर मांडली. सासूबाईंनीच त्याला सांगितलं होतं म्हणे — तुह्या घरी जाणं होत नाही तं आमच्या घटापाशी मांड. हळदकुंकू, झेंडूची फुलं, अक्षता. विळा, कोयता, माझी विळीसुद्धा त्याच पाटावर.

"आता उद्या सोनं दिल्यावर," इश्वर म्हणाला.

म्हणजे उद्या संध्याकाळी! मी म्हटलं, अरे भाऊ, पिनी ओढायच्या, झाकण लावायचं, एवढंच तर राहिलं.

"वहिनी, उस्तादानं शिकवलं. मांडलेलं हत्यार सोनं दिल्याबिगर उचललं तं ते हात घेते."

यांच्याकडे बघितलं. हे देवीकडे बघत होते. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, म्हणाले.

५ ऑक्टोबर, शुक्रवार. तुमसर

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

काल सकाळी रुखमा चुलीपाशी बसली होती. पुरण वाटत होती — मी नको म्हणताना. एकदम वरवंटा सोडला आणि "आई" म्हणाली. हळू. मला त्या हळू म्हणण्यानेच कळलं.

सकाळची एस.टी. गेलेली. जीप नाही. हे धावत सायकलच्या दुकानात गेले पाने मागायला, तिथेही पाने फुलांखाली! सगळ्या गावाची हत्यारं देवापुढे मांडलेली. कोणाकडे एक साधा पाना नाही. नर्सबाई आल्या, आत गेल्या, लगेच बाहेर आल्या. "भाऊ, गाडी काढा."

रात्री आमच्याकडेच राहिलेला इश्वर देवघराच्या दारात उभा. घाम फुटलेला. यांनी त्याचे हात धरले. "इश्वर, लेक हाये माही."

"भाऊ, मले समजते न... पण माह्यानं होत नाही. उचललेल्या हत्यारानं पिन ओढली न रस्त्यात काही झालं, तं मी काय करू?"

त्याला वाटत होतं तशा हत्याराने बसवलेली गाडी दगा देईल. माझ्या लेकीलाच दगा देईल! बिचारा आमच्यासाठीच भीत होता, हे आत्ता कळतंय. काल नाही कळलं. काल माझं डोकं फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा दसरा! आणि पाटाकडे हात घातला. सगळ्यात मोठा पाना दिसला तोच धरायला गेले.

सासूबाईंनी मनगट पकडलं माझं. इतक्या जोरात की बांगडी पिचली.

"थांब."

मी त्यांच्याकडे असं बघितलं — देव मला क्षमा करो, त्या क्षणी मी त्यांना जन्मभराचं सगळं मनात बोलून घेतलं.

पण त्या मला सोडून बाहेर निघाल्या. चप्पल नाही, काठी नाही. पदर डोक्यावरून घेतला आणि नाल्याकडे. आमचं घर गावाच्या टोकाला, नाला हीच शीव. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. सत्तरीची बाई पाण्यातून पलीकडे गेली! पलीकडच्या आपट्याची फांदी ओरबाडली आणि तशीच ओल्या लुगड्याने परत आली. आम्ही सगळे अंगणात उभे, खुळ्यासारखे.

सरळ इश्वरसमोर आल्या. पान त्याच्या हातात ठेवलं.

"घे बापा सोनं. शीव वलांडली, सोनं आणलं. झाला दसरा."

"आजी, पण सांज तं—"

"सांज माही झाली. पाप लागन तं मले लागन. उचल पाना!"

इश्वरने वाकून त्यांचे पाय धरले. मग पाटावरचा पाना उचलून कपाळाला लावला, आणि त्यानंतर मी माणसाचे हात इतके भराभर चालताना बघितले नाहीत. पिनी ओढल्या — टक्, टक्. झाकण. पट्टा. रेडिएटर. पाणी ओतायला आम्ही सगळे, कळशा घेऊन. पाना फिरवताना झेंडूच्या पाकळ्या गळत होत्या, कोणी झटकल्याही नाहीत. आतून रुखमाचा आवाज यायचा आणि थांबायचा. थांबला की जास्त भीती वाटायची.

हे चावी फिरवायला बसले. मी डोळे मिटून घेतले. एकदा घुरघुरली, बंद. दुसऱ्यांदा चालू! खरखर नाही. काही नाही. नुसतं इंजिन चालतंय. इश्वर रडत होता बहुतेक, मला बघायला वेळ नव्हता.

मागे गादी टाकली. मी, रुखमा, नर्सबाई. इश्वर पुढे यांच्याशेजारी. सासूबाई आल्या नाहीत, दारात उभ्या राहिल्या. जंगलातून जाताना मी रुखमाचा चेहरा आणि इंजिनाचा आवाज, दोन्हीकडे लक्ष ठेवून होते. प्रत्येक चढावर वाटायचं, आता. आता तुटणार. रुखमा माझा हात चावत होती आणि मी इंजिन ऐकत होते! काय आई म्हणायची मी?

तुमसर. दवाखाना. डॉक्टरीणबाई हातात सोनं घेऊनच आल्या आणि तशाच आत गेल्या.

मुलगी झाली. पायांकडून. निळी पडलेली, रडेना. मग रडली. रुखमा बरी आहे, झोपलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तासभर उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं.

हे व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेत. इश्वरने सगळ्यांना चहा आणला. बोटं अजून काळी.

९ ऑक्टोबर, मंगळवार

घरी आलो. गाडी लोण्यासारखी आली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, बाळाचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "नाक तं भैय्यालालचंच हाये." एवढंच. कौतुकाचा शब्द नाही, रडणं नाही. मला म्हणाल्या, परात कुठे ठेवली? नटबोल्टांचं तेल अजून तिच्यावर आहे. घासली मुकाट्याने.

मला त्यांचे पाय धरायचे होते. जमलं नाही. इतक्या वर्षांची भांडणं, अशी एका दिवसात कुठे सुटतात.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

सासूबाई बाळाला तेल लावत होत्या. मी शेवटी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही शीव ओलांडली म्हणून ही दिसली. त्यांनी बाळाचे दोन्ही पाय चोळून घेतले. मग वर न बघताच म्हणाल्या, "माह्या पोरीले कळा आल्या तो पोळ्याचा दिवस होता. बैलाइच्या खांद्याले हळद लागली होती. तुह्या सासऱ्यानं बंडी जुंपली नाही. मी बी जुंपा म्हणली नाही."

यांना मोठी बहीण होती, हे या घरात मला कोणी कधी सांगितलं नाही. मी नाव विचारलं. "जमुना," म्हणाल्या, आणि पुन्हा तेल लावायला लागल्या.