कॉफी संपेपर्यंत उभी

मंगळवार, ४ एप्रिल १९०५. कांदिल्ली

जिंकलं! नाजीये हानिम आपल्या मुलासाठी आमच्या लेकीला, मुझेहरला बघायला आल्या आणि एका पेल्यावर तासभर बसल्या. मुलीनं कॉफी आणायची आणि पाहुणीचा पेला रिकामा होईपर्यंत तबक धरून उभं राहायचं – मुलगी आवडली की बायका घोट लांबवतात. बाईंची कॉफी शेवटी गारढोण झाली, तरी तळाशी घोटभर ठेवलीच होती. मी मनात म्हटलं, बस गं बाई, हवं तर मुक्काम कर.

त्यांचा नवरा सुलतानांच्या खासगीतला कारभारी. असा व्याही मिळाला की आमच्या यजमानांच्या, पाशांच्या वजिरीला कोण हात लावतो? दरबारात त्यांच्यावर जळणारे काय थोडे आहेत!

गुरुवार, ६ एप्रिल

आज रेबिया हानिम आल्या, न कळवता. विधवा बाई. मुलगा आरमाराच्या दवाखान्यात डॉक्टर. हिवाळ्यात पाशांच्या तापाला तोच यायचा. म्हणजे औषध दिलं म्हणून मुलगी द्यायची की काय?

मुझेहरला बाहेर काढलंच नाही. आमच्या जुन्या दाईच्या, गुलफेमच्या हाती पातळशी कॉफी पाठवली. "मुलीचं डोकं दुखतंय," म्हटलं. बाई शांतपणे कॉफी प्यायल्या, काळजी घ्या म्हणाल्या, गेल्या.

गुलफेम पेला उचलताना पुटपुटली, "डॉक्टरच्या आईला डोकेदुखी सांगितलीत, बाईसाहेब. औषध पाठवेल हं."

मुझेहर दिवसभर गप्प आहे. बसेल दोन दिवस. आईला पुढचं दिसतं, मुलीला नाही.

शुक्रवार, ७ एप्रिल

पाशांना भेटायला इतकी माणसं की घराच्या धक्क्याला होड्या लावायला जागा नाही. नाजीये हानिमचा निरोप – बुधवारी शब्द द्यायला येते.

बुधवार, १२ एप्रिल

आल्या. मुझेहरनं कॉफी दिली. दोन घोटांत पेला रिकामा! एवढी कढत कॉफी, जीभ कशी भाजली नाही? "उन्हं उतरायच्या आत पोचायला हवं," म्हणत उठल्या. भर दुपार होती.

गुलफेमवर ओरडले, कॉफी करपवलीस म्हणून. मग स्वतः पिऊन पाहिली. उत्तम होती. मुलीलाही बोलले, उभी नीट राहिली नाहीस म्हणून.

संध्याकाळी पाशा आले. बूट न काढताच बसले. वजिरी गेली. कुणीतरी सुलतानांचे कान भरले, आणि सकाळीच हुकूम निघाला. म्हणजे नाजीये हानिमना ठाऊक होतं, आणि मी मिठाईचं ताट सजवत होते. संताप संताप झाला. सगळ्यांत जास्त स्वतःचा.

शुक्रवार, १४ एप्रिल

धक्क्याला एकही होडी नाही. समोरच्या काठावरच्या कॉफीघरात दोन माणसं दिवसभर बसून आहेत – आमच्याकडे कोण येतं ते वर कळवायला. मासेवालासुद्धा लांबूनच ओरडून गेला.

आम्हाला दूर डोंगरात, कास्तामोनूला धाडताहेत. महिना संपायच्या आत. मुझेहरचं लग्न त्याआधी झालं नाही तर तीही आमच्याबरोबर. हद्दपार माणसाच्या मुलीला तिथं कोण बघायला येणार?

पाशा म्हणाले, "हवा चांगली असते तिकडची."

"मग मुलीचं लग्न हवेशीच लावा," मी म्हटलं. हसले बिचारे. मला हसू आलं नाही. पण मीही काही रडत बसणारी नाही. सामान बांधायला घेतलंय.

सोमवार, १७ एप्रिल

रेबिया हानिम आल्या. भाड्याच्या होडीतून, भर उन्हात, कॉफीघरातल्या त्या दोघांच्या डोळ्यांदेखत. बसता बसता विचारलं, "आता डोकं कसं आहे मुलीचं?"

मुझेहर स्वतःच कॉफी घेऊन आली आणि तबक धरून उभी राहिली. बाईंनी पेला घेतला, बाजूला ठेवला. प्यायल्याच नाहीत.

"संपवली की मुलगी आत जाते," म्हणाल्या. "मी तिला न्यायला आलेय."

मी उठले, मुझेहरच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि तिला बाईंच्या शेजारी बसवलं.