मांजरीच्या गोष्टीचा शेवट

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा मला आता जुळवावा लागतो. तरी भांडायचं आहे ते तुझ्याशीच. परवा इथे कल्याणात देवळाच्या आवारात दिव्याच्या चित्रांचा खेळ झाला. पांढरं धोतर ताणून बांधलेलं, मागे कंदील, कंदिलापुढे रंगवलेल्या काचा. एका काचेवर दुसरी सरकवली की चित्रातली मांजर शेपटी हलवते, डोळे मिटते. पोरं हसून लोळत होती, मीही हसले. गोष्ट अशी, की मांजरीची लेक बोक्याच्या घरी नांदायला जाते. तिथे तिला उपाशी ठेवतात, मारतात. ती पळून आईकडे येते. आई तिला चाटते, दूध पाजते, आणि शेवटी मानेला धरून पुन्हा बोक्याच्या दारात नेऊन ठेवते. मग रडत माघारी फिरते. काचेवरची आसवं खरोखर ओघळताना दिसतात. सगळं आवार हळहळलं.

माझा लेक म्हणाला, "बघितलंस आई, आईचं काळीज कसं असतं ते."

"रडायला काय लागतं," मी म्हटलं. "पोरीला आत घेऊन कडी लावायची होती."

पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. पाहू देत. मला बोक्याचा राग नाही आला, तो बोक्यासारखा वागला. राग आला मांजरीचा, कारण गोष्टीत सगळ्यांत चांगली तीच म्हणून रंगवली होती.  लेकाची मुलगी, माझी नात, ठाण्याच्या सासरहून पळून घरी आलेली, पाठीवर वळ घेऊन. दुसऱ्या दिवशी तिचा सासरा तिला न्यायला यायचा होता.

मीही इथल्या सासरहून ठाण्याला तुझ्याकडे अशीच पळून आले होते. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी दारात उभी. आधी जेवू घातलंस, मग म्हणालीस, "नांदत्या बाईनं असं येऊ नये." सकाळी ओटी भरलीस आणि ठाण्याच्या बंदरावर मला शिडाच्या पडावात बसवून इथे आणून सोडलंस. पदरात नारळ पडला की लेक निघालीच, मग तिला बसून राहता येत नाही. पुढे मी नांदले, म्हातारी झाले, म्हणून तुझं बरोबर ठरत नाही, आई. मी टिकले ते माझ्या हाडांनी.

तर व्याही आले, ओसरीवर बसले, पान खाल्लं. आत सूनबाई ताटात खण, तांदूळ, नारळ घेऊन लेकीपुढे उभी. मी विधवा, ओटीला माझा हात चालत नाही, भरायची तिनंच. तिच्या डोळ्यांना धार लागलेली, हुबेहूब त्या काचेवरच्या मांजरीसारखी.

मी म्हटलं, "रडतेस काय अशी? ताट खाली ठेव."

"सासूबाई, बाहेर ते खोळंबलेत."

"खोळंबू देत. ओटीवाचून नेतील तर नेऊन दाखवू देत."

तिनं ताट खाली ठेवलं. लेक आत येऊन म्हणाला, "आई, टाकलेली म्हणतील तिला." म्हटलं, "म्हणू देत. टाकलेली जेवते तरी." तो बाहेर जाऊन काय बोलला कोण जाणे. व्याही तणतणत निघून गेले. त्या नारळाची आम्ही चटणी वाटली. नातीनं दोनदा घेतली.

आता गाव बोलतंय, उद्या आणखी बोलेल. मी कुणाला जाब देणार नाही, तुलाही नाही. हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून एवढं एक लिहिते. तू माझी ओटी भरलीस तेव्हा मी रागानं खाली पाहत होते, बंदरापर्यंत आणि पडावातही. तू रडत होतीस की नव्हतीस, मला ठाऊक नाही. मी वर पाहिलंच नाही.