बाबांनी सांगितलेला शेवट

पनवेल, रविवार, जून २०१२

तो जपानी सिनेमा आज नेटवर सापडला. बाबांबरोबर पाहिला. माझ्या लहानपणी पनवेलला असले सिनेमे कुठले यायला? म्हणून बाबा जागतिक सिनेमाच्या जाडजूड संदर्भग्रंथातून एकेकाची गोष्ट वाचून दाखवायचे. ग्रंथात शेवट नसायचा, तो बाबा सांगायचे. यातला कोळी वादळातून घरी परततो, असं त्यांनी सांगितलं होतं. आज पाहते तर तो येतच नाही.

"बाबा, तुम्ही तर त्याला परत आणला होतात."

बाबा म्हणाले, "तुझी आई तेव्हा हॉस्पिटलात होती. तू विचारलंस, तो घरी येतो ना? काय सांगणार होतो मी?"

आई आली नाहीच. पण त्या रात्री मी गाढ झोपले होते.