ट्रायलआधीच्या बैठका

अप्पा, गेल्या महिन्यात कोपरगावला एका लग्नात सर भेटले. साखर कारखान्याच्या शाळेत आम्हांला फुटबॉल शिकवायचे, तेच. आता काठी घेऊन चालतात. जेवणं झाल्यावर आम्ही मंगल कार्यालयाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो आणि बोलता बोलता त्यांनी तुमच्याविषयी एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून मला तुमचा फोटो बघवत नाही. तुम्ही असता तर तोंडावर विचारलं असतं असं वाटतं, पण विचारलं नसतं. तुमच्यासमोर माझं तोंड कधी उघडलं नाही.

दहावीचं वर्ष आठवा. कारखान्याच्या क्लबात नुकतं केबल आलं होतं आणि कॉलनीतली आम्ही पोरं फुटबॉलने वेडी झालो होतो. मी उजव्या कडेने खेळायचो. चेंडू पुढे पडला की मी कुणाला सापडायचो नाही. सर सांगायचे, या खेळात लांब कुणाला पळायचं नसतं, पहिल्या काही पावलांत जो सुटला तो सुटला. त्यासाठी पायात ताकद लागते, पण ती झटक्यात बाहेर आली पाहिजे. ती मोजायची त्यांची रीत साधी होती. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी उभं करायचे. बोटांना खडू फासायचा, जागेवरून उडी घ्यायची, हात पोचेल तिथे खूण. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांत वरची खूण माझी होती. संक्रांतीनंतर नगरला ट्रायल होती. तिथून निवडलेल्या पोरांना पुण्याला वसतिगृहात ठेवणार होते, शिक्षण आणि खेळ दोन्ही. मला दुसरं काही नको होतं.

तुम्हांला ते नको होतं. तुम्ही कारखान्यात उसाच्या गव्हाणीवर पाळी करून आलात की कॉलनीमागच्या तालमीत जायचा, आणि मी तुमच्यामागे लंगोट घालून यावं एवढीच तुमची इच्छा. फुटबॉलचा विषय निघाला की म्हणायचा, "चेंडूमागं कुत्रं बी पळतंय." मी अंगणात उड्या मारत असलो की शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "बेडूक व्हायचंय का रं तुला?" शेजारी हसायचे. मीही हसायचो, दुसरं काय करणार. पहाटे मात्र तुम्ही मला उठवून तालमीत न्यायचा आणि बैठका काढायला लावायचा. पाय थरथरायला लागले की तुमचं एकच: मांडी भरली का पोरगं आपोआप पळतंय. माझा तुमच्यावर विश्वास होता. घरातलं सगळं दूध माझ्या तांब्यात पडत होतं, अविश्वास कसा ठेवणार.

एक संध्याकाळ मला स्वच्छ दिसते. सर घरी आलेत, ओट्यावर बसलेत. तुम्ही मला चहाला साखर आणायला दुकानात पाठवता. घरात साखर आहे. कारखान्याच्या माणसाच्या घरात साखर नाही असं कधी होतं का? तरी मी जातो. परत येतो तर सर चपला घालतायत, 'येतो रे' म्हणून निघून जातात. तुम्ही म्हणता, "सर म्हनत्यात पोरगं चांगलं हाय, पन पायात जोर कमी पडतोय. जोर वाढवा म्हनत्यात." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्या खांद्यावर तालमीतलं एक पोरगं बसवलंत आणि तसं बसवून बैठका काढायला लावल्यात. भिंतीवरची माझी खूण वीतभर खाली आली. सर काही बोलले नाहीत, मला वाटलं निराश झाले असतील.

नगरला मी पहिल्याच धावेत मागे राहिलो. शिट्टी वाजली, बाकीचे सुटले आणि माझे पाय ओल्या पोत्यासारखे मागून आले. उडीतही तेच. निवडणाऱ्यांपैकी एकाने माझ्या मांड्यांकडे बघून विचारलं, "पैलवान, इकडे कुठे?" बाकीचे हसले. येताना एसटीत तुम्ही माझ्याशेजारी बसला होता. राहुरी गेली, राहाता गेलं, एक शब्द नाही. पुढे चैत्रात तुम्ही मला आपल्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात उतरवलंत. मी समोरच्याला चीत केलं, तुम्ही आखाड्यात धावत आलात आणि मला उचललंत. तुम्हांला इतकं आनंदात मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मला वाटलं, बाप पोराचं मन राखतोय. वर्षभर कुस्ती केली आणि सोडली. तुम्ही चार महिने माझ्याशी बोलला नाहीत.

आता सरांनी सांगितलं ते लिहितो. त्या संध्याकाळी ते तुम्हांला हात जोडून म्हणाले होते, ट्रायल होईपर्यंत याला एकही बैठक नको, पोरगं जड होतंय, पायातला झटका जातोय. थोडं पळू द्या, उड्या मारू द्या, झोपू द्या. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "कळतंय मला, सर. पैलवानालाबी कुस्तीच्या तोंडावर बैठकांनी मारला का त्यो जागचा हालत न्हाई." सर मला म्हणाले, तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त समजलं होतं, म्हणून मी निश्चिंत मनाने गेलो. पुढे तुझी खूण उतरलेली दिसली, तेव्हा वाटलं तूच ऐकत नसशील.

म्हणजे तुम्हांला माहीत होतं. रोज पहाटे खांद्यावर पोरगं बसवताना माहीत होतं. एसटीत गप्प होता तेव्हाही.

मी आता पन्नाशीला आलो. बँकेत काउंटरवर बसतो. पँट कमरेला बसते ती मांडीला बसत नाही, शिंप्याला दर वेळी सांगावं लागतं. माझ्या मुलाला बॅडमिंटन खेळायचं होतं, मी खेळू दिलं, त्याने कंटाळून सोडलं, तेही सोडू दिलं. तुमच्यासारखा झालो नाही एवढं मी केलं, त्याचं श्रेय मी तुम्हांला देणार नाही.

लग्नाहून घरी आलो तेव्हा आईने सरांची चौकशी केली. जुन्या गोष्टी निघाल्या. ती म्हणाली, तुझ्या अप्पांनी तुझ्या पायांसाठी किती केलं, पण त्यांना त्या खेळातलं कळत नव्हतं रे. मी म्हणालो, हो, कळत नव्हतं. तिच्याशी खोटं बोललो ते तिच्यासाठी असं मी स्वतःला सांगितलं. पण सर बोलेपर्यंत मीही तेच मानत आलो होतो, आणि तसं मानत होतो तोवर वर्षश्राद्धाला तुम्हांला हात जोडताना मला जड जात नव्हतं.